घरी शिकणाऱ्या मुलांनी वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची सुरुवात कशी करावी?

प्रश्न : एक पालक, परभणी

नमस्कार. आमची दोन्ही मुले शाळेत जात नाहीत. त्यांचे शिक्षण आम्ही घरीच करतो. मुलीला नुकतेच चौदावे वर्ष पूर्ण झाले असून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे दहावीची परीक्षा देण्याचा तिचा विचार आहे. मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे. दोघांचेही वाचन चांगले आहे. मुलगी वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचून त्यावर आमच्याशी तावातावाने बोलते आणि आपला मुद्दा सहसा सोडत नाही. परंतु परके लोक समोर असले, की तिचा आवाज खाली जातो आणि वाक्ये अर्धवट राहतात. मुलाचे नेमके उलट आहे. तो कोणासमोरही बिनधास्त बोलतो, पण समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय त्याला लागलेली नाही.

या दोघांनी वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांत भाग घ्यावा, असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटते. ढाल आणि प्रमाणपत्र हा त्यामागचा हेतू नाही. आपल्याशी सहमत नसलेल्या समवयस्कांसमोर उभे राहून बोलण्याची जी संधी शाळेतील मुलांना सहज मिळते, ती आमच्या मुलांना मिळत नाही आणि आईवडिलांनी कितीही ठरवले तरी घरात ती निर्माण करता येत नाही. वडिलांशी वाद घालणे आणि अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी वाद घालणे यांत फार अंतर आहे.

आमच्यासमोर तीन अडचणी आहेत. येथील बहुतेक स्पर्धांची प्रवेशिका शाळेमार्फत भरावी लागते आणि आमच्याकडे मुख्याध्यापकांची सही व शिक्का नाही. मार्गदर्शन करू शकेल असे कोणी आमच्या ओळखीत नाही. आणि आधी वक्तृत्व घ्यावे की थेट वादविवादाकडे वळावे, हेही आम्हाला ठरवता येत नाही. ज्यांनी मुलांना या मार्गाने नेले आहे किंवा जे स्वतः या मार्गाने गेले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षक, अंबाजोगाई

ताई, नमस्कार. माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली आणि बीड, लातूर, धाराशिव या भागांतील स्पर्धांना परीक्षक म्हणून मी आजही जातो. त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्याकडे साधारणपणे तीन प्रकारच्या स्पर्धा होतात. वक्तृत्व स्पर्धेत विषय आधी जाहीर होतो, पाच ते सात मिनिटे मिळतात, वेळ संपण्याच्या सुमारास इशाऱ्याची घंटा होते आणि विषयाची मांडणी, भाषा, उच्चार व सादरीकरण यांना स्वतंत्र गुण असतात. उत्स्फूर्त वक्तृत्वात चिठ्ठी उचलून काही मिनिटांच्या तयारीवर बोलायचे असते. वादविवाद स्पर्धेत बहुधा एका संस्थेचे दोन स्पर्धक येतात, एक अनुकूल बाजूने आणि दुसरा प्रतिकूल बाजूने बोलतो, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून सांघिक फिरता करंडक दिला जातो. आपल्या दोन्ही मुलांची जोडी येथे अगदी योग्य ठरेल, कारण एकाच घरात दोन्ही बाजूंची तयारी होऊ शकते. मात्र वयोगट एकच आहे ना, हे आधी पाहावे लागेल.

प्रवेशाबाबत असे, की आंतरशालेय स्पर्धांत शाळेचे पत्र खरोखरच लागते आणि तेथे आग्रह धरून उपयोग होत नाही. परंतु वाचनालये, गणेश मंडळे, जयंती उत्सव समित्या आणि व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्था यांच्या खुल्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी फक्त वयोगट पाहिला जातो. आधार कार्ड किंवा जन्मदाखला दाखवला की काम होते. अशा स्पर्धांचे दिवसही ठरलेले असतात. गणेशोत्सवापाठोपाठ 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो, त्यानंतर 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 26 नोव्हेंबरचा संविधान दिन, 3 जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, 12 जानेवारीची जिजाऊ जयंती, 19 फेब्रुवारीची शिवजयंती, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि 14 एप्रिल. यांपैकी प्रत्येक दिवसाच्या तीन-चार आठवडे आधी गावातील वाचनालयाच्या फलकावर लक्ष ठेवावे आणि मुले घरी शिकतात हे आयोजकांना नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगावे. स्पर्धेच्या दिवशी सकाळी टेबलापाशी हा प्रश्न निघाला, तर मुलांचे मन उगाच खट्टू होते.

आता तयारीविषयी. मी पाठांतराच्या विरोधात नाही. चांगले गद्य पाठ केल्याने वाक्याची लय कानात बसते आणि श्वास कोठे घ्यावा हे कळते. विरोध आहे तो मोठ्यांनी लिहून दिलेल्या भाषणाला. चौथी-पाचवीतील मूल जेव्हा व्यासपीठावरून चाळिशीतील माणसाच्या भाषेत देशाच्या दुरवस्थेवर बोलते, तेव्हा ते भाषण त्याचे नाही हे पहिल्या मिनिटात लक्षात येते आणि त्या मुलाविषयी मला फार वाईट वाटते, कारण त्याचे स्वतःचे काय म्हणणे होते ते कोणी विचारलेलेच नसते. पाच मिनिटांचे मराठी भाषण साधारण साडेपाचशे ते सहाशे शब्दांचे होते. तेवढे मुलांनीच लिहावे, आपण फक्त प्रश्न विचारावेत.

मांडणी शिकण्यासाठी त्यांना नारदीय कीर्तन ऐकवावे. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो आणि उत्तररंगात त्याच विचाराला आख्यानाचा आधार देतो. मुद्दा आणि उदाहरण यांची अशी पक्की जोड दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळते. मुलीच्या आवाजासाठी एक साधा सराव सांगतो. तिने गच्चीच्या एका टोकाला उभे राहून अग्रलेख मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला प्रत्येक वाक्यातील शेवटचे क्रियापद स्पष्ट ऐकू आले की नाही, एवढेच त्याने सांगावे. मराठीत क्रियापद शेवटी येते; आवाज तेथेच खाली गेला, तर सगळे वाक्य वाया जाते.

उत्तर : वादविवादपटू विद्यार्थी, नांदेड

सरांचे म्हणणे मी आदराने वाचले. एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. ताईंनी मुलांची जी वर्णने केली आहेत, ती पाहता दोघांनाही आधी वादविवाद द्यावा आणि वक्तृत्व नंतर, असे मला वाटते. वक्तृत्वात मूल एकटे असते आणि त्याचे सगळे लक्ष स्वतःच्या आवाजाकडे जाते. वादविवादात त्याला समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायचे असते, त्यामुळे भीतीला फारशी जागा उरत नाही. मुलाला तर ऐकण्याची सवय लावण्यासाठी याहून चांगला उपाय नाही, कारण ऐकल्याशिवाय खंडन करताच येत नाही.

खंडन म्हणजे काय, हे एका विषयावरून स्पष्ट करतो. "मराठवाड्यात उसाच्या लागवडीवर मर्यादा घालावी" हा विषय घ्या. अनुकूल बाजू म्हणेल, की ऊस फार पाणी घेतो आणि हा प्रदेश दुष्काळी आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे ती आठवण म्हणून सांगेल. प्रतिकूल बाजू म्हणेल, की ठिबक सिंचन केले तर पाणी वाचते, मग मर्यादा कशाला? नवखा वक्ता येथे पुन्हा एकदा "पण ऊस फार पाणी घेतो" एवढेच मोठ्याने म्हणतो. ते खंडन नव्हे, ती पुनरुक्ती आहे. खरे खंडन असे होईल : ठिबकने एकरी पाणी वाचते हे आम्हाला मान्य आहे, परंतु वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी एक एकर ऊस लावला, तर विहिरीतून उपसलेले एकूण पाणी तेवढेच राहते, म्हणून ठिबक हा मर्यादेला पर्याय ठरत नाही, मर्यादा असेल तरच ठिबकचा उपयोग होतो. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत सांगणे, त्यातील खरे ते मान्य करणे, ते कोठे तुटते हे दाखवणे आणि त्यामुळे निकाल आपल्या बाजूने का झुकतो हे सांगणे, इतके सारे त्या दोन-तीन वाक्यांत आले आहे.

आता प्रतिकूल बाजूने तितकेच बळकट बोलून पाहावे. उसाला रास्त आणि किफायतशीर भाव कायद्याने ठरतो आणि तो कारखान्याने द्यायचा असतो; सोयाबीन आणि तूर यांना हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात तो मिळेलच याची खात्री नसते. अशा वेळी भावाची व्यवस्था न करता केवळ लागवडीवर मर्यादा घातली, तर दुष्काळाचा सगळा भार लहान शेतकऱ्यावर पडेल. शिवाय नदीच्या वरच्या भागातील धरणांमधून जायकवाडीला किती पाणी सोडायचे हा प्रश्न आहेच. समन्यायी वाटपासाठी 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे हा पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालातील निकष आहे, आणि या सगळ्याचा विचार न करता मराठवाड्यातीलच शेतकऱ्याला दोषी का धरावे, असे प्रतिकूल वक्ता विचारू शकतो. मुलांनी एका आठवड्यात अनुकूल आणि दुसऱ्या आठवड्यात प्रतिकूल बाजू घ्यावी. स्वतःला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडता आली, की वादविवाद येऊ लागला असे समजावे. आमच्या नांदेडला नरहर कुरुंदकर गुरुजींच्या व्याख्यानांची परंपरा आहे. त्यांचे लेखन मुलीला अवश्य वाचायला द्यावे. विरोधी विचार आधी नीट समजून घेऊन मग त्याची चिकित्सा कशी करतात, हे त्यात पानोपानी दिसते.

टिपणे घेण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून शिकवावी. फुलस्केप कागद आडवा धरून जितकी भाषणे होणार असतील तितके उभे रकाने आखावेत, दोन बाजूंसाठी दोन रंगांची पेने घ्यावीत, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर पुढच्या रकान्यात त्याचे उत्तर लिहीत जावे. ज्या मुद्द्यासमोर रकाना कोरा राहिला, त्या मुद्द्याला उत्तर मिळाले नाही, हे वक्त्याला आणि परीक्षकाला एकाच नजरेत कळते. मुलाला सुरुवातीचे काही आठवडे बोलूच देऊ नये, फक्त हा कागद भरायला सांगावा.

इंग्रजीची तयारी असेल, तर पुढे जागतिक शालेय पद्धतीचा वादविवाद आहे. त्यात प्रत्येक बाजूचे तीन वक्ते आठ-आठ मिनिटे बोलतात आणि शेवटी प्रत्येक बाजूचे चार मिनिटांचे समारोपाचे भाषण होते. भाषणाचे पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून मधल्या वेळेत प्रतिपक्ष उभा राहून छोटा प्रश्न विचारू शकतो. तो स्वीकारायचा की नाही हे वक्ता ठरवतो. गुणांत आशयाला 40, शैलीला 40 आणि डावपेचाला 20 असे प्रमाण असते. काही विषय आधी कळतात आणि काहींना फक्त एक तासाची तयारी मिळते. 2019 मध्ये बँकॉकला झालेली या पद्धतीची जागतिक शालेय स्पर्धा भारतीय संघाने जिंकली होती.

पुन्हा प्रश्न : एक पालक, परभणी

सर आणि दादा, आपण दोघांनीही एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. उसाचे उदाहरण मुलीला वाचून दाखवले, तर तिने लगेच प्रतिकूल बाजू निवडली. आता आणखी दोन शंका आहेत. परभणीत घरी शिकणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत; एवढ्या थोड्या मुलांत नियमित सराव कसा करावा? आणि आम्हा पालकांना परीक्षण करता येत नाही, मग सरावात निकाल कोणी द्यावा? भाषेविषयीही ठरत नाही. मुले मराठीत विचार करतात, पण पुढे इंग्रजी लागेलच.

उत्तर : घरी शिकवणारे एक पालक, छत्रपती संभाजीनगर

ताई, पालकांना परीक्षण करता येत नाही हा समज आधी बाजूला ठेवावा. अमेरिकेत घरी शिकणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र स्पर्धा-संस्थाच आहेत. घरी शिकवणाऱ्या पालकांच्या कायदेशीर हक्कांसाठी काम करणाऱ्या होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशनने 1990 च्या दशकात सुरू केलेल्या वादविवादाच्या उपक्रमातून 2000 साली एनसीएफसीए ही संस्था स्वतंत्र झाली आणि 2009 मध्ये स्तोआ नावाची दुसरी संस्था उभी राहिली. दोन्ही ख्रिस्ती पालकांच्या पुढाकाराने चालतात. त्यांचा धार्मिक भाग आपल्या कामाचा नाही, पण त्यांची व्यवस्था मात्र अभ्यासण्यासारखी आहे. तेथे परीक्षक म्हणून प्रामुख्याने पालक आणि गावातील सामान्य नागरिक बसतात, आणि प्रत्येक परीक्षक निकालाबरोबर कारणेही कागदावर लिहून देतो. घरी नेऊन पुन्हा वाचता येईल असा तो कागद मुलांच्या दृष्टीने ढालीपेक्षा मोलाचा असतो. सामान्य माणसाला पटेल असे बोलण्याची सवय मुलांना त्यातूनच लागते, कारण परीक्षक वादविवादाच्या परिभाषेवर भाळत नाही.

त्यांच्या प्रकारांपैकी लिंकन-डग्लस हा प्रकार आपल्यासारख्या लहान गटाला फार सोयीचा आहे, कारण त्यात एकास एक असा सामना होतो आणि दोन मुले असली तरी पुरतात. 1858 मध्ये इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात सात जाहीर वाद झाले होते, त्यावरून हे नाव पडले आहे. अनुकूल वक्ता सहा मिनिटे बोलतो, मग प्रतिकूल वक्ता त्याला तीन मिनिटे उलट प्रश्न विचारतो. नंतर प्रतिकूल वक्त्याची सात मिनिटे आणि त्यालाही तीन मिनिटे प्रश्न. पुढे अनुकूलची चार, प्रतिकूलची सहा आणि शेवटी पुन्हा अनुकूलची तीन मिनिटे. बेरीज करून पाहावी, भाषणांसाठी दोघांनाही तेरा-तेरा मिनिटेच मिळतात. उलट प्रश्नांचा भाग आपल्या पारंपरिक वादविवाद स्पर्धांत सहसा नसतो, म्हणून तो सरावात मुद्दाम ठेवावा. आपल्या मुलीला आवाजापेक्षा प्रश्नांची भीती वाटत असेल, तर ती येथेच जाईल.

मुलांच्या संख्येविषयी माझे स्पष्ट मत आहे, की केवळ घरी शिकणाऱ्या मुलांचा गट करू नये. आपल्या कुटुंबांचे विचार बरेचसे जुळतात, त्यामुळे खरा मतभेद मिळत नाही. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतील मुले, फॉर्म नंबर 17 भरून (म्हणजे शाळेत न जाता, खासगीरीत्या) दहावीला बसणारी मुले, काम करून शिकणारी मुले यांना आवर्जून बोलवावे. उसाच्या विषयावर ज्याचे आईवडील ऊसतोडीला जातात तो मुलगा बोलेल, तेव्हा बाकीच्यांच्या पुस्तकी मुद्द्यांची खरी परीक्षा होईल. जागेसाठी वाचनालयाच्या सचिवांना लेखी अर्ज द्यावा. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड एकाच लोहमार्गावर आहेत, त्यामुळे अधूनमधून गावोगावच्या गटांनी एकत्र येणेही कठीण नाही. आपण पुढाकार घेतलात, तर आमची मुले जालन्यापर्यंत नक्की येतील.

निकालासाठी पालकांनी अदलाबदल करावी, आपल्या मुलाच्या सामन्यात स्वतः परीक्षक होऊ नये. कागदावर इतकेच लिहावे : कोणत्या मुद्द्याने माझे मत बदलले, कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला आणि पुढच्या वेळी वक्त्याने कोणती एक गोष्ट सुधारावी. आपले स्वतःचे मत ज्या बाजूला आहे तिलाच विजयी ठरवण्याचा मोह मोठ्या माणसांना फार होतो. म्हणून सामन्यापूर्वी प्रत्येक परीक्षकाने आपले मत कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे आणि निकाल देताना त्याकडे एकदा पाहावे.

ओळखपत्राबाबत सांगायचे, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावीसाठी प्रवेश घेतला, की विद्यार्थ्याला संस्थेचे ओळखपत्र मिळते. चौदा वर्षे पूर्ण झाल्यामुळे मुलीची अडचण त्याने बरीच कमी होईल, कारण आयोजकांना शासनमान्य संस्थेचा कागद दाखवता येतो. त्याच संस्थेचा तिसरी, पाचवी आणि आठवी यांना समकक्ष असा मुक्त मूलभूत शिक्षणाचा अभ्यासक्रमही आहे. मुलासाठी त्याचा विचार करावा.

भाषा मात्र आधी मराठीच असावी. जे मूल मराठीत तर्क बांधू शकत नाही, ते इंग्रजीत फक्त तयार वाक्ये बोलते. वर्षभराने इंग्रजीकडे वळताना संविधान सभेच्या चर्चा वाचायला घ्याव्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 25 नोव्हेंबर 1949 चे भाषण तर घ्यावेच, पण त्याआधी एखादे कलम निवडून त्यावर कोणी दुरुस्ती सुचवली, का सुचवली आणि ती का स्वीकारली किंवा नाकारली गेली, हे मुलांना रकान्यांच्या कागदावर मांडायला सांगावे.

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षक, अंबाजोगाई

नांदेडच्या विद्यार्थ्याचा मुद्दा मला पटला; मुलीने वादविवादापासून सुरुवात करावी. मुलाला मात्र काही आठवडे बोलूच देऊ नये, हे मला मान्य नाही. बारा वर्षांच्या मुलाला इतके गप्प बसवले, तर त्याची गोडी जाईल. त्याने आधी कागद भरावा आणि मग प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे एका मिनिटात सांगावे. प्रतिस्पर्धी "हो, मी हेच म्हणालो" असे म्हणेल, तेव्हाच त्याला स्वतःचे उत्तर देण्याची परवानगी मिळावी.

आणि ताई, पहिल्या बैठकीला ऊस किंवा जायकवाडी घेऊ नका. माहिती गोळा करण्यातच मुले दमतील. "वाचनालयात मुलांना मोबाइल आणू द्यावा की नाही" यासारखा विषय घ्या, ज्यावर प्रत्येकाकडे अनुभव आहे आणि अभ्यासाची गरज कमी आहे. भाषण तीन मिनिटांचे ठेवा, अडीच मिनिटांनी एक घंटा आणि तीन मिनिटांनी दोन घंटा द्या, आणि ती घंटा एखाद्या मुलाच्याच हाती असू द्या. परभणीचा दिवस ठरला, तर कळवा. परीक्षक म्हणून मी येईन.